तारापूर १९६९: अणुभट्टी, ऑक्सिजन आणि मधुमेहींचं रक्त

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या किनाऱ्यावरच्या दोन अणुभट्ट्यांमधून व्यापारी तत्त्वावर वीज वाहू लागली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. बरोबर चार आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त ड्यूक विद्यापीठाच्या दोघांचा एक निबंध छापून आला. गायीच्या रक्तातल्या निळसर-हिरव्या तांबेयुक्त प्रथिनाचं काम काय, हे त्यात सांगितलं होतं. तारापूरच्या अभियंत्यांना त्या निबंधाची खबर असण्याचं कारण नव्हतं आणि त्या दोघांना तारापूर कुठे आहे हे ठाऊक नसणार. पण भट्टीच्या पाण्यात जे घडत होतं आणि गायीच्या रक्तात जे सापडलं होतं, त्या दोहोंमागचं रसायनशास्त्र एकच होतं. पुढे मधुमेहींच्या रक्तातली अँटिऑक्सिडंट मोजण्याचा जो मोठा उद्योग जगभर सुरू झाला, त्याची मुळं तिथेच सापडतात. औषधाच्या दुकानातल्या रंगीत डब्यांवरून अँटिऑक्सिडंट हा शब्द परिचित झालेल्यांना हे नवल वाटेल, पण हे शास्त्र मोठ्या अंशी अणुयुगाच्या पोटी जन्मलेलं आहे.

तारापूरच्या त्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या. गाभ्यातून फिरणाऱ्या पाण्यावर किरणांचा सतत मारा होतो आणि पाण्याचे काही रेणू फुटतात. त्यातून हायड्रॉक्सिल, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी अत्यंत चळवळी द्रव्यं तयार होतात. यातल्या पहिल्या दोघांकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो. तो उणेपणा भरून काढण्यासाठी ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो शेजारी पुढच्याचा ओढतो. हेच फ्री रॅडिकल, आणि त्यांना आवरणारी द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. माणसाच्या पेशीत भट्टी नसली तरी पेशी ऑक्सिजन जाळून जगते, आणि त्या जाळण्यात ऑक्सिजनचा अगदी थोडा भाग अर्धवट राहून सुपरऑक्साइड होतो. म्हणजे हे रॅडिकल बाहेरच्या किरणांशिवाय आपल्या आत रोज बनतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: तारापूरच्या भट्टीमुळे मधुमेह होतो, असं या लेखात कुठेही म्हणायचं नाही. नातं आहे ते ज्ञानाच्या इतिहासातलं.

ते नातं पहिल्यांदा ओळखणारी बाई अर्जेंटिनाची होती. रेबेका गेर्शमन यांचा जन्म १९०३ चा. ब्युनोस आयर्समध्ये त्या बर्नार्दो उसाय यांच्या संस्थेत शिकल्या. हे उसाय म्हणजे शरीरातल्या साखरेच्या चयापचयात पिट्युटरी ग्रंथीचा हात दाखवून १९४७ चं नोबेल मिळवणारे. पुढे गेर्शमन अमेरिकेत रॉचेस्टरला गेल्या. ते गाव अणुबॉम्ब प्रकल्पाशी जोडलेल्या वैद्यकीय संशोधनाचं एक ठाणं होतं. किरणोत्सार जिवंत पेशीचं नेमकं काय करतो, हा तिथला ज्वलंत प्रश्न. दुसऱ्या बाजूला, दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन प्राण्यांना मारतो, हे पाणबुड्यांच्या आणि वैमानिकांच्या अभ्यासातून माहीत झालेलं होतं. गेर्शमन यांनी या दोन मरणांमध्ये सारखेपणा पाहिला. उंदरांना क्ष-किरणांपासून वाचवणारी काही द्रव्यं दाबाखालच्या ऑक्सिजनपासूनही वाचवत होती. त्यांत ग्लुटाथायॉन हे शरीर स्वतःच बनवतं ते द्रव्य होतं. १९५४ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं की ऑक्सिजनचं विष आणि क्ष-किरणांची इजा एकाच वाटेने, फ्री रॅडिकलच्या वाटेने, येते. ज्या वायूवर आपण जगतो तोच आपल्याला झिजवतो, ही कल्पना त्या काळी फार थोड्यांच्या गळी उतरली. दोन वर्षांनी बर्कलीच्या डेनम हार्मन यांनी वृद्धत्वाचं कारणही हेच, असा सिद्धांत मांडला, आणि प्रसिद्धी बरीचशी त्यांच्याकडे गेली. मला हा अन्याय वाटतो. गेर्शमन मायदेशी परतल्या आणि १९८६ साली वारल्या. अँटिऑक्सिडंटच्या लोकप्रिय लिखाणात त्यांचं नाव आजही क्वचितच भेटतं.

त्यांच्या सिद्धांतात एक मोठी फट होती. फ्री रॅडिकल शरीरात खरोखर बनत असतील तर शरीराने त्यांच्या बंदोबस्ताची काही व्यवस्था केलेली असली पाहिजे. ती कुठे आहे? ड्यूकच्या त्या निबंधाने याचंच उत्तर दिलं. जो मॅकॉर्ड नावाचा विद्यार्थी आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की गायीच्या तांबड्या पेशींतलं ते तांबेयुक्त प्रथिन सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारं एन्झाइम आहे. गंमत अशी की हे प्रथिन १९३८ सालीच केंब्रिजला वेगळं काढलं गेलं होतं. तीस वर्षं ते तांब्याचा साठा समजून शास्त्रज्ञांच्या बाटल्यांत पडून होतं. आता त्याला सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव आणि काम, दोन्ही मिळालं. ज्या शत्रूसाठी शरीर एवढं खास शस्त्र बाळगतं तो शत्रू खोटा नाही, हे आता मान्य करावं लागलं.

याच सुमाराला, १९६८ मध्ये, तेहरानच्या समुएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार दिसला. साखर चिकटलेलं हे हिमोग्लोबिन म्हणजेच आज प्रत्येक मधुमेही ज्याचा आकडा तोंडपाठ सांगतो ते एचबीएवनसी. साखर प्रथिनांना चिकटते आणि त्या चिकटण्याच्या रासायनिक प्रवासात फ्री रॅडिकलही बनतात, हे पुढे कळलं. मधुमेह आणि ऑक्सिजनचं विष, या दोन वाटा एकमेकींकडे सरकू लागल्या होत्या.

१९८५ साली हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञाने 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हे शब्द रूढ केले आणि मोजमापांचं युग सुरू झालं. मधुमेही आणि निरोगी माणसांच्या दोन गटांचं रक्त घ्यायचं. मॅलनडायअल्डिहाइड, म्हणजे पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं बिघडल्यावर उरणारं द्रव्य, थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवून त्याचा गुलाबी रंग मोजायचा. मग क आणि ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायॉन, तसंच डिसम्युटेज आणि कॅटालेज ही एन्झाइमं. उपकरणं साधी, रसायनं स्वस्त. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जीवरसायन विभागांत एमडीच्या प्रबंधांसाठी हा विषय हातोहात खपला. निष्कर्ष बहुतेक एकाच दिशेचे: टाइप टू मधुमेहींत बिघाडाच्या खुणा जास्त, क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायॉन कमी. एन्झाइमांच्या बाबतीत मात्र एकवाक्यता नव्हती. कुणाला डिसम्युटेज घटलेलं दिसे, कुणाला वाढलेलं. वाढण्यालाही अर्थ होता, कारण हल्ला वाढला की शरीर कधी कधी सैन्यही वाढवतं. शिवाय तो गुलाबी रंग केवळ मॅलनडायअल्डिहाइडचाच असतो असं नाही, इतर द्रव्यंही तो देतात. मोजणाऱ्यांना हे ठाऊक होतं, तरी मोजणं थांबलं नाही.

खरा प्रश्न अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या जॉन बेन्स यांनी १९९१ मध्येच विचारून ठेवला होता. मधुमेहींच्या रक्तात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दिसतो, पण तो डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या इजेचं कारण आहे, की इजा झाल्यावर मागे राहिलेली खूण? या एका प्रश्नावर पुढचा सगळा इतिहास फिरतो.

कारणाच्या बाजूने सर्वांत भक्कम मांडणी न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांची. २००१ साली 'नेचर'मध्ये त्यांनी साखरेच्या इजेच्या चार वेगवेगळ्या वाटा एकत्र आणल्या आणि म्हटलं, या चौघींचा उगम एक: साखरेचा पूर आला की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड जास्त बनतो. चार वाटांपैकी एक इथे पुरेशी आहे. जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करण्यात पेशी एनएडीपीएच नावाचं द्रव्य खर्चते. वापरून झालेलं ग्लुटाथायॉन पुन्हा कामाला लावण्यासाठीही हेच एनएडीपीएच लागतं. साखर ते आधीच उधळून बसते, म्हणून ग्लुटाथायॉन घटतं. क जीवनसत्त्वाचंही असंच: त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप ग्लुकोजच्याच दारातून पेशीत शिरतं, आणि दारात ग्लुकोजची गर्दी असली की त्याला थांबावं लागतं. म्हणजे मधुमेहीच्या रक्तात अँटिऑक्सिडंट कमी असण्याचा अर्थ त्याने फळं कमी खाल्ली, एवढाच होत नाही. वाढलेली साखर स्वतः तो साठा खाते.

मांडणी इतकी सुबक होती की उपायही सुबक सुचला: कमी आहे ना, गोळीने भरून काढा. इथून या गोष्टीचा सगळ्यांत उद्बोधक आणि सगळ्यांत कमी सांगितला जाणारा भाग सुरू होतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरचा प्रयोग १९९४ मध्ये जाहीर झाला होता. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला होता. २००० साली 'होप' चाचणीचे निकाल आले. साडेनऊ हजारांहून अधिक रुग्ण, त्यांत साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व, सुमारे साडेचार वर्षं. हृदयविकारात काही फरक नाही. २००२ मध्ये ब्रिटनची 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी' आली: २०,५३६ माणसं, त्यांत जवळजवळ सहा हजार मधुमेही, पाच वर्षं रोज ई, क आणि बीटा कॅरोटीन. या चाचणीत संशोधकांनी रक्तही तपासलं. ई जीवनसत्त्वाची पातळी दुप्पट झाली, बीटा कॅरोटीनची चौपट, क ची एक तृतीयांशाने वाढली. आणि मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, कशातही घट नाही.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तो थेट आपल्या विषयावर बोट ठेवतो. रक्तातला आकडा वाढला आणि माणसाचं काही बदललं नाही. २००९ मध्ये जर्मनीच्या मिखाएल रिस्टोव्ह यांनी त्याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने शरीर इन्सुलिनला जो चांगला प्रतिसाद देऊ लागतं तो गोळ्या न घेणाऱ्यांत दिसला, घेणाऱ्यांत पुसला गेला. व्यायामात बनणारे थोडे फ्री रॅडिकल हा स्नायूंसाठी निरोप असतो, आणि गोळ्यांनी तो निरोपच अडवला. चालायला जाऊन आल्यावर अँटिऑक्सिडंटची गोळी घेणाऱ्या मधुमेहींनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. शेवटी खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी आपली आकड्यांची यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली. कंपन्या ती जाहिरातीसाठी वापरत होत्या आणि परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या शरीराशी संबंध सिद्ध झालेला नव्हता.

जांभळाचा इतिहास इथे आठवतो. तारापूरच्याच पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला आज भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या जांभळ्या रंगातली अँथोसायनिन परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट ठरतात. जांभळाच्या बियांची पूड घराघरांत मधुमेहावर घेतली जाते. इन्सुलिन येण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, या बिया युरोपच्या औषधालयांतही पोचल्या होत्या. ब्राझीलमध्ये तर जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर सर्रास घेतात. तिथल्याच पोर्तो अलेग्रीच्या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी घेतली तेव्हा काढ्याने साखर उतरली नाही. बहाडोलीचं जांभूळ गोड आहे, मोसमात जरूर खावं. इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिनच्या जागी मात्र ते बसत नाही.

भारतात या शास्त्राचं एक घर मुंबईतल्या ट्रॉम्बेला होतं, आणि ते अपेक्षितच होतं. १९५४ साली उभी राहिलेली ट्रॉम्बेची अणुशक्ती संस्था १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र झाली. किरणोत्साराच्या जीवशास्त्रीय परिणामांचा तिथला विभाग किरणांपासून पेशी वाचवणारी द्रव्यं शोधत होता, म्हणजे गेर्शमन यांचाच प्रश्न पुढे नेत होता. तिथल्या टी. पी. ए. देवसागयम यांनी २००४ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या 'जपी' या नियतकालिकात फ्री रॅडिकल आणि अँटिऑक्सिडंटवर एक विस्तृत आढावा लिहिला. सहलेखकांत होते अणुवैद्यकातले ज्येष्ठ डॉ. रा. द. लेले आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या डॉ. सरोज घासकडबी. एकाच निबंधात अणुकेंद्र, रुग्णालय आणि विद्यापीठ एकत्र बसले.

घासकडबी यांनी पुढे जे केलं ते मला या साऱ्या कथेतलं सर्वांत नेमकं काम वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे मधुमेहाचं नुकतंच निदान झालेले रुग्ण होते, ज्यांच्यावर उपचार अजून सुरू व्हायचे होते. त्यांच्या आणि झंकार आचार्य व इतर सहकाऱ्यांच्या सोबतीने घासकडबी यांनी या रुग्णांचं रक्त आधी तपासलं, मग नेहमीचे मधुमेहाचे उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं. २०१४ मध्ये त्यांनी छापलं: साखर ताब्यात आली तसा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उतरला आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं कामही सुधारलं. अँटिऑक्सिडंटची वेगळी गोळी न देता. बेन्स यांच्या प्रश्नाला हे पूर्ण उत्तर नाही, पण निदान एवढं दिसलं की रक्तातला तो साठा साखरेमागे चालतो. साखर हटली की तो आपला आपण भरू लागतो.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्याचं विभाजन होऊन तारापूरचा पालघर जिल्हा झाला. त्याचं मुख्यालय पुढे पालघर-बोईसर दरम्यान कोळगावला उभं राहिलं. मधुमेहाच्या अभ्यासकाला हा जिल्हा अस्वस्थ करणारा आहे. एका बाजूला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, रात्रपाळ्या, बैठी कामं, वडापावची न्याहारी. दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाडा, जिथे १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. दोन्ही टोकं मधुमेहाकडे नेतात. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास केला त्यात दिसलं, की इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी फारशी कमी नव्हती. अशी बारीक दिसणारी, आतून चरबीची बाळं मोठी झाली की मधुमेहाला लवकर बळी पडतात. १९७० च्या दशकातल्या आयसीएमआरच्या पाहणीत शहरांत मधुमेह २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के होता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत तो देशभरात ११.४ टक्के निघाला.

त्याच सहा गावांतून एक लहानसा धागा आपल्या विषयाकडे परत येतो. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की बाळाच्या आकाराशी आईच्या उष्मांकांपेक्षा तिच्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांचं नातं अधिक ठळक आहे. यावरून मुंबईत डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली वस्त्यांतल्या बायकांना गरोदर होण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दुधाचा खाऊ देण्याचा प्रयोग झाला, नाव 'सारस'. बाळांचं वजन एकूणात फारसं वाढलं नाही. पण गरोदरपणातला मधुमेह, जो पुढे बायकांना टाइप टू मधुमेहाकडे नेतो, तो साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघाला. यात अँटिऑक्सिडंटचा वाटा किती, फोलेटचा किती, तंतूंचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पालेभाजी एका वेळी हे सगळं देते, आणि डबीतली गोळी एकच गोष्ट देते, हा फरक मात्र नजरेआड करता येत नाही.

घासकडबी यांच्या गटाने गोळीचा प्रश्नही सोडून दिला नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या प्रणय गोयल यांच्यासह त्यांनी २५० मधुमेहींवर रीतसर चाचणी घेतली. १२५ जणांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायॉन, सहा महिने. २०२२ मध्ये निकाल छापले: रक्तातलं ग्लुटाथायॉन वाढलं, डीएनएच्या इजेची एक खूण तीन महिन्यांत उतरली, आणि वयस्कर रुग्णांच्या उपगटात एचबीएवनसी थोडं घसरून स्थिरावलं. ब्रिटनच्या वीस हजारांवरच्या निकालापेक्षा हे आशादायक आहे, आणि ग्लुटाथायॉन हे शरीर स्वतः बनवतं ते द्रव्य असल्याने तुलना तंतोतंत होत नाही. पण उपगटातला निष्कर्ष मागाहून काढलेला होता. डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा वाचल्या का, हे सहा महिन्यांत दिसणं शक्य नव्हतं. ब्रिटनच्या प्रयोगाला पाच वर्षं लागली होती.